स्वहस्ते जुळवलेला संगणक

मेजावरचा संगणक कोणा एका कारखान्यात आरंभापासून अखेरपर्यंत घडवला जातो, असा जो सर्वसाधारण समज आहे, तो वस्तुस्थितीला धरून नाही. त्याच्या प्रोसेसरचा आराखडा बहुधा अमेरिकेत आखला जातो, त्या आराखड्याबरहुकूम सिलिकॉनवरील सूक्ष्म कोरीवकाम अनेकदा तैवानात होते, स्मृतीच्या चिपा बव्हंशी दक्षिण कोरियातील कंपन्यांच्या असतात, मदरबोर्ड चीन किंवा तैवानमधून येतो. आणि अशा रीतीने देशोदेशींच्या गोदामांतून आलेल्या सात-आठ वस्तू एका पत्र्याच्या पेटीत बसवून त्यांचा परस्परांशी संबंध जोडून देणे, एवढेच काय ते काम अखेरीस शिल्लक राहते. ते काम बड्या नावाच्या कंपनीने केले, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानातल्या विशीतल्या कारागिराने केले, किंवा आपण स्वतः घरच्या जेवणाच्या टेबलावर केले, तरी त्याचे स्वरूप बदलत नाही. त्यातला हातकामाचा भाग तर इतका सुलभ आहे की शाळेत मेकॅनोचे खेळणे जुळवलेल्या मुलासही तो एका दुपारात उरकता यावा. अवघड आहे तो त्याआधीचा भाग, कागद-पेन्सिल घेऊन यादी करण्याचा. आणि नवशिक्याची फजिती व्हायची ती बहुतेक वेळा तेथेच होऊन गेलेली असते, फक्त ती उघडकीस येते स्क्रू पिळताना.

ही मोकळीक सामान्य माणसाला कशी लाभली, याचा थोडासा इतिहास आहे. १९७५ च्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेला अल्टेअर ८८०० हा संगणक सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने सुमारे ४०० डॉलरांत मिळत असे. पण तो जुळवायचा म्हणजे तापलेले सोल्डरिंग आयर्न हाती धरून शेकडो सांध्यांना डाख द्यावा लागे, आणि एवढे करून मूळ संचातील स्मृती भरे अवघी २५६ बाइट, म्हणजे प्रस्तुत वाक्याएवढा मजकूरही तीत मावला नसता. पुढे १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणताना, घाईच्या पोटी म्हणा वा धोरण म्हणून म्हणा, प्रोसेसर इंटेलचा घेतला, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची घेतली, अंतर्गत जोडणीचा तपशीलही छापून प्रसिद्ध केला, आणि हक्क राखून ठेवला तो मुख्यत्वे बायॉस या लहानशा प्रोग्रामचा. तोही कॉम्पॅक या कंपनीने अल्पावधीतच स्वतंत्रपणे, नव्याने लिहून घेतला, आणि मक्तेदारीची भिंत जी ढासळली ती पुन्हा कोणास उभारता आली नाही. अखेर १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचे परिमाण जाहीर केले, ज्यायोगे मदरबोर्डाची लांबी-रुंदी (३०५ गुणिले २४४ मिलिमीटर), स्क्रूंच्या भोकांच्या जागा आणि विद्युत्पुरवठ्याच्या जोडणीची घडण हे सारे ठरून गेले. मदरबोर्ड एकाचा आणि कॅबिनेट दुसऱ्याचे असूनही भोकासमोर भोक येते, ते या ठरावामुळेच.

आता हा उपद्व्याप करावा कोणी? पैसे वाचतात म्हणून करावा, असे जे सांगितले जाते त्यावर विसंबू नये. जुळणीबद्दल दुकानदार जी मजुरी घेतो ती एकंदर रकमेच्या मानाने किरकोळ असते, आणि सुट्या भागांवरील १८ टक्के वस्तू व सेवा कर कोणास चुकत नाही. पत्रव्यवहार, हिशेब, मराठी मजकुराचे टंकलेखन, चित्रपट पाहणे एवढ्यापुरताच संगणक हवा असेल, तर एखादा साधा लॅपटॉप घेऊन मोकळे व्हावे हे उत्तम. परंतु ज्यास चित्रफितींचे संकलन करावयाचे आहे, वास्तुरचनेचे त्रिमिती आराखडे काढावयाचे आहेत, किंवा घरातल्या तरुण मंडळींना ज्यासाठी रात्र पुरत नाही ते खेळ खेळावयाचे आहेत, त्यास आपला पैसा नेमका कोठे घालावा आणि कोठे आवरता घ्यावा, हे ठरवण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवणे निश्चित फायद्याचे ठरते. शिवाय तयार संगणक विकणाऱ्या अनेक कंपन्या मदरबोर्ड आणि विद्युत्पुरवठा यांच्या जोडण्या हेतुपुरस्सर आपल्या खास घडणीच्या ठेवतात, त्यामुळे पाच वर्षांनी एखादा भाग निकामी झाला की बाजारातला भाग तेथे बसत नाही आणि मालकास कंपनीच्या दारी तिष्ठत राहावे लागते. स्वहस्ते जुळवलेल्या संगणकास ही ताबेदारी नाही.

यादीचा आरंभ प्रोसेसरपासून करावा, कारण तो ठरला की पुढच्या तीन-चार गोष्टी आपोआप ठरत जातात. विवेचन हवेत राहू नये म्हणून एक ठोस उदाहरण घेतो. एएमडीचा रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आला. त्यात सहा गाभे आहेत, त्याच्या खोक्यातच थंड करणारा पंखा मिळतो, आणि पडद्यावर चित्र उमटवण्यापुरती ग्राफिक्सची सोय त्याच्या पोटातच आहे. तो ज्या खोबणीत बसतो तिचे नाव एएम५. तेव्हा मदरबोर्ड त्याच खोबणीचा हवा, उदाहरणार्थ बी६५० या चिपसेटचा. आणि एएम५ म्हटले की स्मृती डीडीआर५ याच जातीची लागते, आधीची डीडीआर४ चालत नाही. दोहोंच्या पट्ट्यांना सोनेरी टोके सारखीच २८८ असतात, लांबीही डोळ्यांना एकच भासते, परंतु मधली खाच किंचित सरकवलेली असते, आणि ती तशी सरकवली आहे हा उत्पादकांचा वाचकावर उपकारच समजावयाचा. अन्यथा कित्येकांनी बळजबरीने ती बसवली असती. इंटेलच्या प्रोसेसरांनाही हाच न्याय लागू आहे, मात्र तेथे खोबणी दोन-तीन पिढ्यांत बदलण्याचा प्रघात आहे, तर एएमडीच्या एएम४ खोबणीला २०१७ पासून पुढे कित्येक वर्षे नवे प्रोसेसर मिळत राहिले. दोन-चार वर्षांनी केवळ प्रोसेसर बदलून काम भागवण्याचा ज्याचा विचार असेल त्याने हा फरक ध्यानी घ्यावा. नावाच्या शेपटीला लागणाऱ्या अक्षरांकडेही दुर्लक्ष करू नये: ‘एफ’ हे अक्षर असेल तर त्या प्रोसेसरात ग्राफिक्सची सोय नाही, आणि असा प्रोसेसर दहा टक्के स्वस्त मिळाला म्हणून हर्षाने घरी आणणाऱ्यास वेगळे ग्राफिक्स कार्ड घेईपर्यंत काळ्या पडद्याकडे पाहत बसावे लागते.

स्मृतीची एकच मोठी पट्टी घेण्यापेक्षा १६ जीबीच्या दोन घ्याव्यात, कारण दोन पट्ट्या असल्या म्हणजे प्रोसेसरास दोन वाटांनी एकाच वेळी माहितीची ने-आण करता येते. साठवणुकीसाठी आता एसएसडीच हवी. जुनी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० ते २०० मेगाबाइट माहिती देते, साटा जोडणीची एसएसडी ५५० पर्यंत जाते, आणि मदरबोर्डावर थेट बसणारी, च्युइंगगमच्या वडीएवढी एनव्हीएमई जातीची एसएसडी चौथ्या पिढीची असल्यास ७००० च्या आसपास पोहोचते. जुने फोटो आणि लग्नाच्या चित्रफिती यांच्यासाठी हार्ड डिस्क खुशाल ठेवावी, पण कार्यप्रणाली तिच्यावर घालण्याचे दिवस गेले. ग्राफिक्स कार्डाविषयी एवढेच सांगतो की, ते खरोखर लागत असेल तरच घ्यावे, आणि जुने घ्यावयाचे झाल्यास विचारपूस करून घ्यावे. इथेरियम या आभासी चलनाचे खाणकाम १५ सप्टेंबर २०२२ रोजी बंद पडले, त्यानंतर त्या खाणकामासाठी वर्षानुवर्षे अहोरात्र राबवलेल्या कार्डांचा ढीग जुन्या बाजारात येऊन पडला. त्यातली काही अजूनही ‘घरगुती वापर’ अशा शिफारशीसह हिंडत असतात.

आता त्या वस्तूकडे वळू, जिची जाहिरात कोणी करीत नाही आणि जिच्यावरून संगणकाचे आयुष्य ठरते. आपल्या बाजारात तिला एसएमपीएस म्हणतात. घरातील २३० व्होल्टांचा उलटसुलट वाहणारा प्रवाह घेऊन त्याचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टांच्या एकदिश, स्थिर प्रवाहांत रूपांतर करणे हे तिचे काम. आणि हे काम तिने नेकीने केले पाहिजे, कारण बाकीचे सारे महागडे भाग तिच्या मर्जीवर जगत असतात. स्वस्त कॅबिनेटासोबत जी एसएमपीएस जवळजवळ फुकट पदरात पडते तिच्यावर ‘४५० वॅट’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. परंतु तिच्या अंगावरील चिठ्ठी बारकाईने वाचावी. आजचा संगणक आपली जवळपास सारी शक्ती १२ व्होल्टांच्या वाटेने ओढतो, म्हणून त्या रकान्यासमोर किती अँपिअर लिहिले आहेत तेवढेच पाहावयाचे आणि त्यास बाराने गुणावयाचे. समजा तेथे १६ अँपिअर असतील, तर ती एसएमपीएस खऱ्या अर्थाने १९२ वॅटची आहे. वरचे साडेचारशे हे शोभेचे. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसच्या चिठ्ठीवर त्याच रकान्यात ४५ अँपिअरच्या आसपास आकडा सापडतो, आणि ती हातात घेतली असता वजनही जाणवते.

गंमत अशी की, वॅटांच्या बाबतीत नवशिके जेवढे भितात तेवढी भीती बाळगण्याचे कारण नाही. वर घेतलेला प्रोसेसर अगदी ताणला तरी ८८ वॅट ओढतो; त्यास आरटीएक्स ४०६० सारखे कार्ड जोडले तर त्याचे ११५ वॅट; पंखे, एसएसडी, मदरबोर्ड आणि स्मृती मिळून आणखी पन्नास-साठ; म्हणजे एकूण बेरीज पावणेतीनशेच्या आत राहते. ५५० वॅटची चांगली एसएमपीएस येथे पुरून उरते, आणि ८५० वॅटची भिकार एसएमपीएस येथे धोक्याची असते. ‘८० प्लस’ हा जो शिक्का पाहावयास सांगतात तो २००४ पासून प्रचारात आहे. पंचमांश, निम्म्या आणि पूर्ण भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता असली की तो मिळतो, आणि ब्राँझ, गोल्ड आदी पायऱ्या त्यापुढच्या. तो शिक्का वीज किती वाया जाते एवढेच सांगतो, आतले भाग टिकाऊ आहेत की नाहीत याची ग्वाही तो देत नाही. तथापि ज्यावर तो शिक्काही नाही ती वस्तू घरात आणूच नये. पाच वर्षे वा त्याहून अधिक मुदतीची हमी हा माझ्या मते सर्वांत विश्वासार्ह निकष, कारण हमी देणाऱ्यास खिशात हात घालावा लागतो.

एसएमपीएसशी निगडित असा आणखी एक विषय आहे, ज्याविषयी परदेशी मार्गदर्शक मौन पाळतात, कारण त्यांच्या घरी तो उद्भवतच नाही. तो म्हणजे अर्थिंग. आपल्याकडील कित्येक जुन्या वाड्यांत आणि चाळींत भिंतीवरच्या सॉकेटला तिसरे, मोठे भोक असते खरे, पण त्यामागे जमिनीत गेलेली तारच नसते. एसएमपीएसच्या आत विजेतील कुरकूर गाळण्यासाठी दोन्ही तारांकडून धातूच्या कवचाकडे जोडलेले लहान कपॅसिटर असतात. अर्थिंग असले की त्यांतून झिरपणारा नगण्य प्रवाह जमिनीत जातो, नसले की कॅबिनेटचा पत्रा घरगुती दाबाच्या निम्म्याइतक्या, म्हणजे सव्वाशेच्या आतबाहेरच्या व्होल्टांवर तरंगत राहतो, आणि अनवाणी माणसाने त्यास हात लावला की झिणझिण्या येतात. प्रवाह अत्यल्प असल्याने जिवास सहसा अपाय होत नाही, परंतु एसएमपीएसमध्ये काही बिघाड झाल्यास वाचवणारी तार घरात नाही, अशी ती लेखी नोटीसच असते. कॅबिनेटला हात लावता झिणझिण्या आल्या तर लाकडी पाटावर पाय ठेवून काम चालू ठेवण्याची तजवीज न करता वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. आणि तीन पिनांचा प्लग दोन भोकांत बसवणारे ते अडॅप्टर तर संगणकाच्या आसपासही फिरकू देऊ नये. यूपीएस घ्यावाच. बाजारातला सामान्य ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो, आणि तो चालू काम जतन करून संगणक रीतसर बंद करण्याएवढा अवधी देतो. त्यावर तासभर काम करण्याची अपेक्षा ठेवू नये.

कॅबिनेट निवडताना समोरच्या बाजूस काच न पाहता जाळी पाहावी, रंगीत दिव्यांचा खर्च ज्याच्या त्याच्या हौसेवर सोडावा. पंखा कितीही मोठा असला तरी तो खोलीच्या तापमानाखाली कोणतीही वस्तू नेऊ शकत नाही. नागपूर-चंद्रपुराकडे मे महिन्यात बंद खोलीतला पाराच चाळिशीला टेकलेला असतो, तेथे प्रोसेसरास पुण्यातल्या जानेवारीच्या मानाने पंधरा-वीस अंशांचा तोटा आरंभीच सोसावा लागतो. प्रोसेसर त्यामुळे जळत नाही. ९५ अंशांच्या मर्यादेला पोहोचला की तो आपला वेग स्वतःच आवरता घेतो, आणि मालकास वाटते की वस्तूच हलकी निघाली. समोरून हवा आत, मागून आणि वरून बाहेर, एवढा नियम पाळला आणि कॅबिनेट भिंतीच्या कोपऱ्यात कोंबले नाही, म्हणजे पुरे.

खरेदी लॅमिंग्टन रोडवर करा, गावच्या दुकानात करा वा घरपोच मागवा. तीन गोष्टींचा आग्रह धरावा. बिल पक्के हवे, त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर हवा, आणि खोके न फोडलेले हवे. ‘बिल नको असेल तर एवढे कमी करतो’ हा जो प्रस्ताव गल्ल्यावरून हळू आवाजात येतो तो नम्रपणे नाकारावा, कारण प्रोसेसरवरील तीन वर्षांची हमी त्या कमी केलेल्या रकमेत विकली जात असते. सगळे भाग एकाच सुमारास घ्यावेत हेही महत्त्वाचे. एसएसडी गणपतीच्या सवलतीत, मदरबोर्ड दिवाळीत आणि प्रोसेसर संक्रांतीला, अशी खरेदी करणाऱ्यास मदरबोर्ड मुळातच सदोष होता हे कळते तेव्हा दुकानदाराची बदलून देण्याची मुदत उलटून गेलेली असते. भाव तर सदैव वरखाली होत राहणार. २०११ मध्ये थायलंडात पूर आला आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या. असल्या घटनांचे भाकीत करीत बसणाऱ्याचा संगणक कधीच उभा राहत नाही.

प्रत्यक्ष जुळणीस बसताना भरपूर उजेडाचे लाकडी टेबल, चुंबकीय टोकाचा मध्यम आकाराचा प्लस स्क्रूड्रायव्हर आणि स्क्रूंसाठी एक वाटी एवढे साहित्य पुरते. गालिचा आणि टेरिलीनचे कपडे टाळावेत; हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत, विशेषतः मराठवाडा-विदर्भात, अंगावर साचलेली स्थिर वीज चिपांना मारक ठरू शकते, म्हणून मधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून ती उतरवावी. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा आणि प्रथम प्रोसेसर बसवावा. एएम५ खोबणीत १७१८ सोनेरी तारा उभ्या असतात, केसासारख्या नाजूक, आणि त्यांतली एक जरी बोटाच्या स्पर्शाने वाकली तरी मदरबोर्ड गेला आणि हमीही गेली. बाजूची दांडी सोडवून झाकणाची चौकट उचलावी, प्रोसेसर दोन्ही कडांना धरून, त्याच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण खोबणीवरील त्रिकोणाशी जुळवून, वरून अलगद ठेवावा. दाबू नये, तो स्वतःच्या वजनाने बसतो. मग चौकट खाली आणून दांडी लावताना मात्र बरेच बळ लागते, किंचित करकरही ऐकू येते, आणि नवशिक्याच्या काळजाचा ठोका चुकतो तो येथेच. त्रिकोणाला त्रिकोण लागलेला असेल तर निर्धास्त दाबावे. त्या दाबाने चौकटीवरचे काळे प्लास्टिकचे झाकण टणकन् उडून बाहेर पडते. ते मोडले असे समजू नये, फेकूनही देऊ नये. मदरबोर्ड कधी हमीसाठी परत धाडण्याची वेळ आली तर खोबणीवर ते झाकण लागते.

स्मृतीच्या पट्ट्या दोन असतील तर प्रोसेसरकडून मोजता दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात, आणि कडेचा खटका ‘टक्’ असा वाजेपर्यंत दोन्ही टोके दाबावीत. एसएसडी तिरकी सरकवून आडवी करावी व स्क्रूने आवळावी. तिच्यावर बसणाऱ्या धातूच्या पट्टीखालची पारदर्शक फिल्म सोलावयाची राहून जाते, ती सोलावी. पंखा लावण्यापूर्वी मदरबोर्डावर आधीच असलेल्या प्लास्टिकच्या दोन कमानी काढाव्या लागतात. खोक्यातल्या पंख्याला उष्णतावाहक पेस्ट कारखान्यातच लावलेली असते, तिला बोट लावू नये. पंखा वेगळा घेतला असेल तर तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट मधोमध ठेवली की पुरे. चारही स्क्रू कर्णरेषेने, थोडे थोडे करून आवळावेत, आणि पंख्याची तार ‘सीपीयू फॅन’ असे लिहिलेल्या पिनांना जोडण्यास विसरू नये.

येथवर आल्यावर घाईने सारे कॅबिनेटमध्ये भरू नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. मदरबोर्ड खोक्यावरच असताना एसएमपीएसचा २४ पिनांचा आणि प्रोसेसरसाठीचा ८ पिनांचा असे दोन्ही जोड लावावेत, पडदा मदरबोर्डाला जोडावा, आणि ‘पॉवर स्विच’ लिहिलेल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र स्पर्श करावा. पंखा फिरू लागतो आणि पडदा काळाच राहतो. मिनिट जाते, दोन जातात, कधी त्याहूनही अधिक. डीडीआर५ स्मृतीची प्रथमच ओळख करून घेताना एएम५ मदरबोर्ड एवढा वेळ घेतो, ही गोष्ट कोणी आधी सांगितली नसल्याने कित्येकांनी या अवस्थेत वीज तोडून, सगळे उकलून, पुन्हा जुळवून दिवस वाया घालवले आहेत. स्वस्थ बसावे. मदरबोर्डाच्या कडेला प्रोसेसर, स्मृती, ग्राफिक्स आणि बूट अशा नावांचे चार इवले दिवे बहुधा असतात. ज्याचा दिवा तेवत राहील त्या भागाकडे नजर वळवावी, आणि दहांतल्या बऱ्याच प्रसंगी दोष स्मृतीची पट्टी पुरती न बसल्याचा निघतो.

कॅबिनेटमध्ये बसवताना मदरबोर्डाखाली येणारे पितळी खुंट त्याच्या भोकांखालीच आहेत ना, हे मोजून पाहावे. एखादा जादा खुंट पाठीमागच्या सांध्यांना टेकला तर शॉर्ट सर्किट होते. ८ पिनांची तार वरच्या डाव्या कोपऱ्यात जाते, तेथे नंतर बोटे पोहोचत नाहीत, म्हणून ती मदरबोर्ड आवळण्यापूर्वीच ओवून ठेवावी. सर्वांत कटकटीचे काम म्हणजे कॅबिनेटच्या बटणांच्या व दिव्यांच्या सुतासारख्या तारा खालच्या कोपऱ्यातील पिनांना लावणे. बटणांच्या तारा उलटसुलट लागल्या तरी चालतात, दिव्यांच्या मात्र धन-ऋण पाहूनच लावाव्या लागतात, आणि मदरबोर्डाच्या पुस्तिकेतले ते एक पान उघडून समोर ठेवण्याचा जो कमीपणा वाटतो तो सोडून द्यावा. एसएमपीएसच्या सुट्या निघणाऱ्या तारा दुसऱ्या एसएमपीएसला कदापि लावू नयेत. टोक सारखे दिसले तरी आतली मांडणी भिन्न असते, आणि एका क्षणात एसएसडी जळते. ग्राफिक्स कार्ड लावले असेल तर पडद्याची तार कार्डाला जोडावी. ती मदरबोर्डालाच ठेवून, एवढे महाग कार्ड घेऊनही खेळ अडखळतो, अशी तक्रार करणारे दर वर्षी भेटतात.

नंतर बायॉसमध्ये जाऊन एक्स्पो नावाची सोय सुरू करावी, नाहीतर ६००० वेगाची म्हणून विकत घेतलेली स्मृती बहुधा ४८०० नेच चालत राहते. बायॉसची नवी आवृत्ती घालताना यूपीएस जोडलेला असावा. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते, ती सोय या पिढीच्या प्रोसेसरातच असते. फुकटात मिळणाऱ्या ‘क्रॅक’च्या वाटेला जाऊन नव्या संगणकात पहिल्याच दिवशी चोरांना ओसरी देऊ नये. परवान्याचे पैसे द्यायचे नसतील तर उबुंटू किंवा तत्सम लिनक्स आहेच, आणि मराठी इनस्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे तयार मिळतो. कार्यप्रणालीचा पेनड्राइव्ह करताना नेटवर्कचे ड्रायव्हरही त्यात उतरवून ठेवावेत, कारण ते इंटरनेटवरून घ्यावेत म्हटले तर इंटरनेट चालण्यासाठी तेच लागतात.

खोकी आणि बिले माळ्यावर एकत्र ठेवावीत, हमीची मुदत संपेपर्यंत रद्दीवाल्याच्या नजरेस पडू देऊ नयेत. आणि पावसाळा सरला की दरवर्षी एकदा, पंखे बोटाने धरून, आतील धूळ ब्लोअरने काढावी. एक इशारा शेवटी द्यावासा वाटतो. आपला संगणक चालू झाल्याची वार्ता नात्यागोत्यात पसरली म्हणजे ‘आमच्या बंड्यालाही एक जुळवून दे की’ अशी मागणी महिन्याभरात हमखास येते. यादी खुशाल करून द्यावी, एक दुपारही द्यावी; बिल मात्र बंड्याच्या वडिलांच्या नावे फाडावे.